चारशे दहा का चारशे बारा

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आजपासून लिहिते. आधी दोनदा शाळेतल्या मराठीत लिहून पाहिलं. दुसऱ्याच कोण्या बाईनं लिहिल्यासारखं वाटलं, फाडून टाकलं. आता जशी बोलते तशीच लिहीन. वाचणारी त मीच.

आज महासंघाची सभा झाली. आमच्या सतरा गावांच्या ग्रामसभा मिळून हा महासंघ, अन् त्याचं हापिस इथी कोसमटोल्याच्या समाजमंदिरात. बिडीचा तेंदूपत्ता कोणत्या व्यापाऱ्याले विकायचा ते आमीच ठरवतो. व्यापारी आपापला दर ईमेलवर पाठवतात, ठरल्या दिवशी ते दर आमी सगळ्यांसमोर वाचतो, ज्याचा जास्त त्याले पत्ता. पण मागच्या वर्षी दर आधीच फुटले. शेवटच्या दिवशी एका व्यापाऱ्यानं सगळ्यात मोठ्या दरापेक्षा फक्त पाच रुपये जास्त टाकले अन् पत्ता नेला. न पाहता कोणी नेमके पाच रुपये वर टाकते का? एवढं त बकरीले बी समजते.

तवा कॉम्प्युटर आदेश पाहे, मी त्याच्या हाताखाली. तवाच्या सभेत मले विचारलं, मी पाहिलं ते सांगतलं. आदेशनं वायफायचा पासवर्ड चौकातल्या मोबाईलच्या दुकानात दिला होता. नेटातूनच फुटलं असं सगळ्यांचं एकमत झालं अन् आदेशले काढलं. तो चपला घालून निघून गेला. मी खोटं बोलली नाई.

आज रामाजीभाऊ, आमचे अध्यक्ष, म्हणाले, "यंदा फुटलं त कॉम्प्युटर बंद. पयल्यासारखा एकच ठेकेदार, तो सांगन तो भाव."

मंग मीच उठली. म्हणलं, मी फायरवॉल बसवते. कोणाले समजलं नाई, त सांगतलं, फाट्यावर जंगलखात्याचा नाका हाये ना, आतबाहेर जाणारी सारी गाडी तिथी थांबते, तसा आपल्या नेटचा नाका. २८ मार्चले दर वाचायचे हायेत. तोवर माह्यी जबाबदारी.

बोलून त बसली. घरी आल्यावर फायरवॉलच्या किमती पाहाले बसली. पण बसवीनच.

१४ फेब्रुवारी

नवीन फायरवॉल आपल्या ऐपतीची नाई. चंद्रपूरचा विनोद, माह्यासंग डिप्लोमाले होता, आता जुने कॉम्प्युटर विकते. तो म्हणे, मोठ्या कंपन्या वर्कस्टेशन काढून टाकतात, दणकट मशीन राह्यते, त्यात चार तोंडाचं नेटकार्ड टाक, फुकटातलं फायरवॉल चढव, झाला नाका. त्याच्यापाशी दोन मॉडेल हायेत, चारशे दहा अन् चारशे बारा. म्हटलं फरक काय? म्हणे, "काईच नाई, दोघं भाऊ हायेत. एक उंच, एक बुटका."

काईच फरक नाई त दोन नंबर काऊन दिले असतीन? दिवसभर दोघांचे कागद वाचले. प्रोसेसर तोच, मेमरी तेवढीच. उंचात कार्ड सरळ बसते. बुटक्यात कार्डाच्या तोंडावरची पट्टी छोटी पायजे, अन् विनोद म्हणते तशी पट्टी भेटत नाई. डोकं भणभणून गेलं.

त्यात हापिसात माणसं. आमच्या भिंतीवर रामाजीभाऊच्या हातचं लिहून हाये: येईन त्याले पाणी. मागन त्याले फाईल. पाहन त्याची सही. ग्रामसभेचा कागद लपवायचा नाई, हे आमचं पयलं तत्त्व. सरकारी हापिसात एका कागदासाठी आमच्या म्हाताऱ्यांनी दहा-दहा चकरा मारल्या, त्यातून आलं ते. आज पाच जणांले पाणी दिलं, तीन फाईली काढल्या. मले ह्या नियमाचा अभिमान हाये.

खालच्या खणात आदेशच्या हातचा कागद सापडला. वर लिहून, "नाक्यासाठी मशीन". म्हणजे त्याच्या बी डोक्यात हेच होतं. त्यानं चारशे बाराखाली रेघ मारली हाये. पुढचं वाचलंच नाई, परत खणात टाकलं. ज्याच्यापायी नाका लागून राह्यला त्याच्याच सल्ल्यानं नाका घेऊ का?

१९ फेब्रुवारी

चंद्रपूरले जाऊन आली. दोन्ही मशीन जांगड आणल्या, नापसंत होईन ती वापस. एसटीत उंच डबा मांडीवर, बुटका पायाशी. कंडक्टर म्हणे, "बाई, लग्नाचा आहेर हाये का?" मी म्हणलं, हो, सतरा पोरींचा.

विनोदनं दोन्ही चालू करून दाखवल्या. उंच चारशे दहा कशी भारदस्त दिसते. समोर जाळी, आत जागाच जागा. चारशे बारा म्हणजे टिफिनचा डबा. माह्यं मन उंचावरच बसलं. सभेसमोर ठेवायची त दिसली पायजे काईतरी.

२३ फेब्रुवारी, रविवार

आमच्यात हात वर करून मतं मोजत नाई. सगळ्यांचं एकमत होईस्तोर बसायचं, मंग दिवस जाओ का दोन. दोन्ही डबे समाजमंदिरात चटईवर मांडले. बाया येऊन हात लावून पाहून राह्यल्या. मी अर्धा घंटा समजावलं.

सुकरीबाई पंच्याहत्तरीची. तिले वाचता येत नाई, पण ठरावावर तिच्या गावचा अंगठा तिचाच. तिनं दोन्ही डब्यांवर टिचकी मारून पाहिली, जशी मडकं घेताना मारतात. मंग म्हणाली, "लाईट जाते. मंग येते. त्याले उठवते कोण?"

"मी उठवते ना, बाई."

"अन् तू झोपली असन त?"

लोक हसले. मी बी हसली. म्हणलं, बाई, मशीन हाये ते, कोंबडं नाई. शेवटी सगळे म्हणाले, पोट्टी शिकलेली हाये, ती म्हणन ते. मी म्हणलं चारशे दहा. एकमत झालं. सुकरीबाई सगळ्यात शेवटी "बरं" म्हणाली. बारा नंबरचा डबा खोक्यात बांधून ठेवला.

३ मार्च

बसली एकदाची. बाहेरचं नेट एका तोंडात, हापिसाचं दुसऱ्यात, मधात माह्यी चारशे दहा. पासवर्ड बदलले, चौकातल्या दुकानाचं तोंड बंद केलं. कोण आलं, कोण गेलं, मशीन सगळं लिहून ठेवते. त्या नोंदी पाहत रात्रीचं जेवण थंड झालं, आई ओरडली. ओरडू दे. इतकं समाधान बारावीच्या निकालाले बी नव्हतं.

८ मार्च

इज्जतीचा फालुदा झाला. सकाळी चारले लाईट गेली, पाचले आली; आजवर इन्व्हर्टरनं निभावलं होतं, आज तो बी बसला. दहाले हापिस उघडलं त नेट बंद. काळ्या पडद्यावर इंग्रजीत लिहून, पंखा सापडत नाई, पुढं जायचं त बटन दाबा. बसवताना बी हेच आलं होतं, तवा बटन दाबून विसरली. म्हणजे पाच घंटे मशीन बटन दाबणाऱ्याची वाट पाहत उभी.

विनोदले फोन. म्हणे, हो ना यार, कंपनीचा पंखा जळला होता, मी बाजारचा टाकला. पंखा फिरते, पण ते मॉडेल आपल्याच कंपनीचा पंखा ओळखते. "एक बटन त दाबायचं हाये, काय होते?" त्याले काय होते! इथी दिवसातून चारदा लाईट जाते.

१० मार्च

काल तीनदा, आज दोनदा. कालच्या रविवारी सायकल हाणत फक्त बटन दाबाले गेली. रस्त्यात सुकरीबाई मोहफुलं वेचून येत होती. तिनं फक्त पाहिलं. बोलली असती त बरं झालं असतं.

हापिसात पोचल्यावर आदेशचा कागद काढला अन् पुरा वाचला. बारीक अक्षरात होतं:

"दोन्ही सारख्या दिसतात पण ४१० ला कंपनीचाच पंखा लागतो, आपल्या धुळीत पंखा जळणारच. ४१२ ला कोणताही चालतो. लाईट आली की आपोआप सुरू होते का, स्वतः वायर काढून पाहणे. इन्व्हर्टरवर ४१२ दुप्पट वेळ चालेल. छोटी पट्टी कार्डाच्या खोक्यातच असते, तळाला, पुठ्ठ्याखाली."

कार्डाचं खोकं उलटं केलं. पुठ्ठा काढला. पट्टी तिथीच होती, दोन स्क्रूसकट.

लय राग आला. कोणावर ते नाई समजलं.

११ मार्च

बुटकी बसवली. वीस वेळा वायर उपसून पाहिली. वीस वेळा आपली आपण उठली. उंच वापस पाठवली. रामाजीभाऊले सांगतलं, मी चुकीची निवडली होती. ते म्हणाले, "डबा बदलता येते, पोरी. त्याचं काय एवढं." आदेशच्या कागदाचं मी सांगतलं नाई. विचारलंच नाई त्यांनी.

१५ मार्च, शनिवार

दर येणं सुरू झालं. पयल्याच दिवशी दोन ईमेल. लाईटचा भरोसा नाई, कॉम्प्युटर बसला त? म्हणून मागच्या वर्षीसारखीच काळजी घेतली. मेल आला का लगेच प्रिंट, प्रिंट फाईलले. "तेंदू दर २०२५" अशी नवी फाईल केली, लाल पुठ्ठ्याची. दुधानं तोंड पोळलं, आता ताक बी फुंकून पिते मी.

२० मार्च

धनराजभाऊ आले होते. मागच्या वर्षी पत्ता नेला त्या व्यापाऱ्याचे मुनीम. माणूस लय सभ्य, पांढरा शर्ट, बोलणं गोड. पाणी दिलं, चहा दिला. त्यांनी नव्या मशीनचं कौतुक केलं, म्हणे, "आता चिडिया बी पर नाई मारणार." मले बरं वाटलं. बाहेरच्या माणसाले कदर हाये.

त्यांनी तेंदूची फाईल मागतली. पण फाईल सुकरीबाईच्या मांडीवर. आपल्या गावचा ठराव त्यात असन म्हणून ती शोधून राह्यली होती. तिले कागद अंगठ्यावरून ओळखू येते, मंग एकएक पान उलटते. अर्धा घंटा झाला, बाई काई सोडे ना. मी म्हणलं, भाऊ, माफ करा, बसा जरा. ते घड्याळ पाहून उठले. "काई हरकत नाई. सोमवारी येतो." मले लाजल्यासारखं झालं, आपल्या हापिसातून माणूस फाईल न पाहता गेला. सुकरीबाईले म्हणलं बी, बाई, पाहुण्याले आधी द्यावं.

ती म्हणाली, "हा डबा कागद अडवते का?"

"कागद कसा अडवन, बाई? डब्यातून कागद जातच नाई."

"मंग कागद कुठून जाते?"

म्हातारी हाये, चालायचंच.

२२ मार्च, शनिवार

आठ दिवसांच्या नोंदी तपासल्या. बाहेरून एक बी आत आला नाई. उद्याच्या सभेसाठी छान तक्ता करायचा ठरवला, मागचं वर्ष अन् यंदाचं वर्ष. मागच्या वर्षी दर कोण्या दिवशी फुटले असतीन त्याचा अंदाज पायजे, म्हणून फाईल पाहणाऱ्यांच्या सह्यांचं तवाचं रजिस्टर काढलं, तारखा पाहाले.

२६ मार्च २०२४. येणाऱ्याचे नाव, धनराज. पाहिलेली फाईल, तेंदू दर. सही त्यांची. फाईल कोणी दिली, त्या रकान्यात माह्यं नाव. माह्यंच अक्षर, वळणदार, खाली दोन टिंबं देते तसं.

त्याच पानावर वर, आदेश रजेवर, बहिणीचं लग्न, सिरोंचा. तीन दिवस.

आता सगळं आठवून राह्यलं. पाणी दिलं होतं मी. चहा बी. ते चष्मा विसरले होते म्हणून आकडे मीच वाचून दाखवले होते.

नेटातून काईच गेलं नव्हतं. मी दिलं. अन् सभेत उभी राहून आदेशचं नाव घेतलं. खोटं बोलली नाई म्हणून वर्षभर छाती काढून फिरली. अन् परवा तेच करून राह्यली होती, ते बी माफी मागत. एका म्हातारीच्या मांडीनं वाचवलं.

हे रजिस्टर वर्षभर माह्याच टेबलावर होतं. काखेत कळसा अन् गावाले वळसा, आन काय. रजिस्टर घरी घेऊन आली, लय रडली. आई विचारून राह्यली, सांगतलं डोकं दुखते.

२३ मार्च, पहाटे

झोप नाई. एक गोष्ट लिहून ठेवते, लपवायची नाई म्हणून. रात्री मनात आलं, पान फाडावं. कोणी ते रजिस्टर उघडत नाई. नाका बसला, फाईल मी कुलपात टाकीन, यंदा फुटणार नाई, पत्ता चांगल्या भावानं जाईन, सगळे मले शाबास म्हणतीन. आदेशले त कवाचंच काम लागलं म्हणतात. कोणाचं काय बिघडते?

पान धरलं बी होतं. रजिस्टरच्या पानांवर नंबर हायेत. ते नंबर आदेशनंच टाकले.

आज सभेत सांगते. ठरलं.

२३ मार्च, संध्याकाळ

सांगतलं. रजिस्टर घेऊन उभी राह्यली अन् ते पान मोठ्यानं वाचलं. माह्यं नाव बी वाचलं. "आदेशनं फोडलं नाई. मी फोडलं. न समजता फोडलं, पण मीच."

रामाजीभाऊ खाली मान घालून बसले होते. मंग म्हणाले, "भिंतीवर मी लिहलं. मागन त्याले फाईल. तवा वाटलं, मागणारा आपलाच असन."

काई जण म्हणाले, नियम पुसा. दुसरे म्हणाले, पुसला त आपल्यात अन् सरकारी हापिसात फरक काय राह्यला. चार घंटे चाललं. शेवटी एकमत झालं ते असं. नियम राह्यन. पण दराचे मेल २८ तारखेपर्यंत कोणी उघडायचे नाई, मी बी नाई, अन् प्रिंट काढायचे नाई. निघालेले प्रिंट लाखेनं बंद करून सुकरीबाईच्या घरी. फाईल मागन त्याले भेटन, तिच्यात जे असन ते पाहन.

माह्यं काय करायचं, ते बी निघालं. मी म्हणलं, मले काढा. सुकरीबाई म्हणाली, "काढून काय भेटते? एकाले काढून पाहिलं ना. जिनं नाव घेऊन घालवला तिनंच जाऊन आणायचा." एकमत झालं.

२४ मार्च, सोमवार

धनराजभाऊ आले, बोलल्याप्रमाणं. पाणी दिलं. त्यांनी फाईल मागतली, मी दिली. लाल फाईल, आत एकच कागद, कालचा ठराव. त्यात त्यांचं नाव, मागच्या वर्षीची तारीख, माह्यं नाव, अन् खाली सतरा गावांचे अंगठे नि सह्या. ह्या बारी चष्मा आणला होता त्यांनी. दोनदा वाचलं. शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं.

"हे काऊन ठेवलं इथी?"

"ग्रामसभेचा कागद हाये, भाऊ. लपवत नाई आमी. इथी सही करा."

केली. चहाले थांबले नाई.

२६ मार्च

घुग्घुसले जाऊन आली. आदेश तिथी सिमेंट कारखान्यात ट्रकच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर पाहते. अंगावर इतकी धूळ, का मी ओळखलंच नाई, त्यानंच हाक मारली. ट्रकांची रांग लागली होती. मी तिथीच उभ्या उभ्या सगळं सांगतलं. आधी पाठ केलं होतं, ते काईच आठवलं नाई.

तो वजनाचा आकडा टाकत राह्यला. मंग विचारलं, "सभेत सांगतलं का मले एकट्याले सांगून राह्यली?"

"सभेत. रजिस्टर वाचून."

आणखी दोन ट्रक गेले.

"मशीन कोणती घेतली?"

"आधी चारशे दहा."

"अन् आता?"

"तुह्या कागदावरची."

"पट्टी?"

"पुठ्ठ्याखालीच होती."

त्यानं मान हलवली. मी म्हणलं, चाल ना वापस, सभेनं बोलावलं. तो म्हणाला, माह्या बापानं त्या दिवसापासून समाजमंदिरात पाय नाई ठेवला, ते माहीत हाये का तुले? मले माहीत नव्हतं. चार घरं सोडून राहते मी, तरी माहीत नव्हतं.

येतो म्हणाला नाई, नाई येत असं बी म्हणाला नाई. शिफ्ट हाये म्हणे.

२८ मार्च, शुक्रवार

आज दर वाचले. सतरा गावं, चटईवर जागा नाई. सकाळपासून तीनदा लाईट गेली, तिन्हीदा बुटकी आपली आपण उठली, बाया टाळ्या वाजवून राह्यल्या. लाख फोडली, मेल सगळ्यांसमोर उघडले, रामाजीभाऊनं एकएक दर वाचला. धनराजभाऊच्या शेठचा दर खालून दुसरा. वरचा दर त्याच्या किती तरी पुढं. माणसं उठून उभी राह्यली. सुकरीबाई मात्र बसूनच होती, तिचं ध्यान दाराकडं.

दारात आदेश होता. मोटारसायकलवर, अंगावर सिमेंट तसंच, शिफ्टवरून सरळ. मागं त्याचा बाप, बापूराव. बाप आत यायचा थांबला, चपला हातात घेऊन उभा. रामाजीभाऊ स्वतः उठून गेले अन् त्याचा हात धरून आत आणलं.

आदेश माह्या टेबलापाशी आला. मी पाणी दिलं. तो पिला.

"मागच्या वर्षीची ठरावाची फाईल पायजे," म्हणाला.

मी काढून दिली. त्याले काढल्याचा ठराव त्यानं उभ्यानं वाचला. खाली साक्षीत माह्यं नाव. वाचताना त्याचा ओठ हलत होता. मी तिथून हलली नाई. पळून जावं वाटत होतं, पण हलली नाई. वाचून झाल्यावर रजिस्टर पुढं केलं. फाईल कोणी दिली त्या रकान्यात माह्यं नाव लिहिलं. त्यानं सही केली.

मंग त्यानं खुर्ची ओढली, माह्या खुर्चीच्या बाजूले, जिथी आधी राहे तिथी, अन् बुटक्या डब्याची मागची बाजू फिरवून पाहिली.

"पंखा कवा पुसला होता?" म्हणाला. "धूळ पाह्य किती बसली."

मी फडकं आणाले गेली.